पुण्याची दुर्बीण गेली कुठे आणि हैदराबादची वेधशाळा टिकली कशी

तुमचे प्रश्न तीन आहेत. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सव्वाशे वर्षांपूर्वी देशातली सगळ्यात मोठी दुर्बीण होती हे खरं का, असेल तर ती गेली कुठे, आणि आता तुमच्या कॉलेजला माजी विद्यार्थी दुर्बिणीसाठी पैसे देतायत तर घ्यावी का. मी आयुष्यभर दुर्बिणीला फोटोमीटर, म्हणजे प्रकाश मोजायचं उपकरण, लावून व्हेरिएबल ताऱ्यांची, म्हणजे ज्यांचा प्रकाश कमीजास्त होतो अशा ताऱ्यांची मापं घेतली, तेही बहुतेक विद्यापीठांच्याच वेधशाळांमध्ये, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्या दोनांतूनच द्यावं लागेल. लांबेल जरा, पण शेवटपर्यंत वाचा.

हो, खरं आहे. तिचं नाव महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा. आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो ते तेव्हा कॉलेज ऑफ सायन्स होतं, संगम पुलाजवळ, आणि मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. वेधशाळा उभी केली ती कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकाने. हा माणूस आधी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात होता आणि त्याला हवी होती खरंतर वर्णपटाचा, म्हणजे प्रकाश फोडून मिळणाऱ्या रंगपट्ट्याचा, अभ्यास करायची प्रयोगशाळा, दुर्बीण वगैरे नंतर आली. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी ५००० रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढेच घातले. मग १८८४ मध्ये नायगमवाला इंग्लंडला गेले, तिथल्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञांना भेटले, त्यात नॉर्मन लॉकयर होते, आणि तिथे ठरलं की नुसती प्रयोगशाळा कशाला, सूर्य आणि ताऱ्यांचे वर्णपट घेणारी वेधशाळाच करूया. १८८५ मध्ये त्यांची पुण्याला बदली झाली आणि वेधशाळाही त्यांच्याबरोबर पुण्याला आली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वेधशाळा माणसामागून पुण्यात आली होती.

डब्लिनच्या ग्रबच्या कारखान्यात बनलेली ही आरशाची दुर्बीण, आरसा २० इंचाचा, आणि काम सुरू झालं १८८८ मध्ये. आज २० इंच म्हटलं की हौशी लोकसुद्धा मान डोलवतात पण ठीक आहे म्हणून पुढे जातात, तेव्हा मात्र भारतात एवढी मोठी दुर्बीण कुठेच नव्हती. आणि आरसा सांभाळणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. तेव्हाचे आरसे काचेवर चांदी चढवलेले असायचे, ॲल्युमिनियमचा थर ही पुढची गोष्ट. चांदी काळी पडते, पुण्याचा पावसाळा असला की आणखी लवकर, मग परत उतरवायची, परत चढवायची, आणि जून ते सप्टेंबर आकाशच मिळत नाही. हे सगळं एका कॉलेजच्या आवारात, जवळजवळ एकाच माणसाच्या भरवशावर चाललं होतं.

आता त्यांनी काय काम केलं ते सांगतो, कारण लोक दुर्बिणीचा आकार सांगतात आणि काम सांगायचं विसरतात. मृग नक्षत्रात तलवारीच्या जागी जो तेजोमेघ दिसतो त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा असते. तेव्हा त्या रेषेवरून इंग्लंडात मोठा वाद चालला होता. लॉकयरचं म्हणणं असं की सगळे तारे-तेजोमेघ उल्कांच्या थव्यांपासून होतात आणि ती हिरवी रेषा म्हणजे जळणाऱ्या मॅग्नेशियममुळे दिसणाऱ्या पट्ट्याची उरलेली कड आहे. तसं असेल तर रेषा एका बाजूला पसरट, धुरकट दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्याहून ती पाहिली, परत परत पाहिली, आणि १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात कळवलं की कसंही पाहिलं तरी ही रेषा बारीक आणि रेखीवच आहे, पसरट नाही. ज्या लॉकयरच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली त्याच्याच सिद्धांताच्या विरोधात जाणारं निरीक्षण होतं हे. त्यांनी ते जसं दिसलं तसं छापलं. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. त्याच सुमारास अमेरिकेत लिक वेधशाळेत कीलरने तीच रेषा फार बारकाईने मोजली आणि ती मॅग्नेशियमची नाही हे पक्कं केलं. ती नक्की कशाची हे कळायला १९२७ उजाडलं, तेव्हा आयरा बोवेन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की अतिशय विरळ वायूतल्या, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा आहे.

जाताजाता एक. नायगमवाला पुण्यात मृगातला तेजोमेघ बघत होते त्याच वर्षांत, त्याच शहरात, लोकमान्य टिळक मृगशीर्षावरून वेदांचा काळ काढायचा हिशोब मांडत होते, त्यांचं ते पुस्तक १८९३ चं. आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहीत होते. या तिघांच्या कामाचा इतिहास आपल्याकडे एकत्र कुणी मांडत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग आलं २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण. सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गच्या बाजूने आत शिरला आणि महाराष्ट्र ओलांडून पुढे ईशान्येकडे गेला. प्लेगचे दिवस होते, तरी जगभरातून लोक आले. लॉकयर विजयदुर्गला किल्ल्यावर उतरला. नायगमवाला आपली माणसं घेऊन जेऊरला गेले, आपलं सोलापूर जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेलाइनवरचं जेऊर. लिक वेधशाळेचा कॅम्पबेलसुद्धा तिथेच आला. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांसाठी महिनोन् महिने तयारी, आणि मग प्रकाशपट्टिका, म्हणजे काचेवर घेतलेले फोटो, धुणं, मोजणं, लिहिणं. नायगमवालांचा जेऊरचा अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेच्या प्रकाशनांचा खंड पहिला म्हणून छापला गेला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण दर ऑगस्टमध्ये तो फिरत असतो. विजयदुर्गावर जे चौथरे आहेत, ज्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात, तिथून १८६८ च्या ग्रहणात लॉकयरने हेलियम शोधला असं सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला लॉकयर भारतात नव्हताच. त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि लॉकयरने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडात बसून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट घेतला. ती पिवळी रेषा आणि हेलियमचं नाव यांचा संबंध त्या कामाशी. लॉकयर विजयदुर्गला आला तो १८९८ मध्ये, तीस वर्षांनी, आणि हेलियम तोवर पृथ्वीवरही सापडला होता, १८९५ मध्ये रॅमसेने शोधला. म्हणून विजयदुर्गचं महत्त्व कमी होत नाही, १८९८ चं ग्रहणच पुरेसं मोठं आहे, पण जे घडलं ते सांगावं.

बरं, आता दुर्बीण गेली कुठे. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळा बंद केली. एवढंच. आग लागली नाही, दुर्बीण मोडली नाही, काम वाईट होतं असंही कुणी म्हटलं नाही. कॉलेजचंच रूप बदललं होतं, १९११ मध्ये ते कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं होतं, आणि ताऱ्यांचे वर्णपट अभ्यासणारा दुसरा माणूस तयारच झालेला नव्हता. दुर्बीण आणि बाकीची उपकरणं कोडाईकनालच्या वेधशाळेत पाठवली. तिथे सूर्याचं काम चालायचं, एव्हरशेडसारखा सूर्याचा अभ्यासक होता, फार मोठं काम, पण ताऱ्यांच्या दुर्बिणीला तिथे हात लावायला कुणी मोकळं नव्हतं. ती पडून राहिली आणि उभारली गेली थेट १९५१ मध्ये. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणीची जवळपास चाळीस वर्षं अशीच गेली. नंतर तिला भावनगर दुर्बीण असंच म्हणायला लागले, ऐंशीच्या दशकात ती लेहला नेली, लडाखचं आकाश मोठ्या वेधशाळेसाठी कसं आहे ते तपासायला. त्या डोंगरांतल्या आकाशावर पुढे जे काम उभं राहिलं, हान्लेची वेधशाळा आणि बाकी सगळं, त्याच्या सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये पुण्याची दुर्बीण होती हे मला पुणेकरांना मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आता लिककडे बघा. लिक वेधशाळा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ताब्यात आली तीही १८८८ मध्येच, अगदी पुण्याचंच वर्ष. पैसा तिकडे प्रचंड होता, जेम्स लिकने ७ लाख डॉलर ठेवले होते, दुर्बीण ३६ इंच भिंगाची, डोंगरावर. त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही हे मान्य. पण पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. लिकला पहिल्या दिवसापासून माणसांची फळी होती. कीलर गेला, कॅम्पबेल होता, तो १९०१ मध्ये संचालक झाला, त्याच्या हाताखाली पुढची माणसं तयार झाली, आणि १९२२ च्या ग्रहणात आइन्स्टाइनच्या सिद्धांताची जी चाचणी झाली ती याच फळीने केली. १८९८ मध्ये जेऊरच्या माळावर एकाच वेळी उभ्या असलेल्या या दोन विद्यापीठी वेधशाळा, त्यातली एक आजही चालू आहे आणि दुसरीचं नाव तिच्याच शहरात फारसं कुणाला माहीत नाही.

तुम्ही म्हणाल अमेरिकेचं सोडा, भारतात कुठे टिकली? टिकली ना, हैदराबादला. आणि ही गोष्ट मराठी माणसाने नीट समजून घ्यावी, कारण तेव्हा मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता आणि पुढे या वेधशाळेचा सूत्रधारही मराठीच होता.

तिकडेही सुरुवात एका माणसाच्या हौसेनेच झाली. नवाब जफर जंग या निजामाच्या दरबारातल्या सरदाराने १९०१ मध्ये ग्रबचीच १५ इंची भिंगाची दुर्बीण घेतली आणि फिसलबंड्याला आपल्या जागेत वेधशाळा मांडली. निजामिया असं नाव दिलं. १९०७ मध्ये नवाब वारले. पुण्याच्या हिशोबाने इथेच सगळं संपायला हवं होतं. पण वेधशाळा निजाम सरकारने ताब्यात घेतली, १९०८ पासून चॅटवुड नावाचे इंग्रज संचालक आले, वेधशाळा बेगमपेठेच्या बाजूला हलली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिने एक लांब पल्ल्याचं काम अंगावर घेतलं. त्या कामाने तिला वाचवलं असं माझं ठाम मत आहे.

ते काम म्हणजे कार्ट द्यु सिएल, आकाशाचा नकाशा. १८८७ मध्ये पॅरिसला ठरलं की सगळ्या आकाशाचे एकाच मापाचे फोटो घ्यायचे आणि अकराव्या प्रतीपर्यंतच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) प्रत्येक ताऱ्याची जागा मोजून यादी छापायची. जगभरच्या वेधशाळांनी आकाश पट्ट्यापट्ट्यांनी वाटून घेतलं. चिलीतल्या सांतियागोच्या वाट्याचा एक पट्टा मागे पडला होता, दक्षिण क्रांती (क्रांती म्हणजे आकाशातला अक्षांश) १७ ते २३ अंशांचा, तो हैदराबादने घेतला. दर पट्टिकेवर आधी ५ मिलिमीटरच्या चौकटींची जाळी उमटवायची, मग फोटो, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ठिपका मोजायचा, त्याचे आकडे वहीत, मग गणित. एक मिलिमीटर म्हणजे आकाशात एक मिनिट कोन, अंशाचा साठावा भाग. कंटाळवाणं वाटेल तुम्हाला, पण मी मापं घेणारा माणूस आहे, मला त्या वह्यांसमोर हात जोडावेसे वाटतात. साडेसात लाखांहून जास्त ताऱ्यांची मापं या एका वेधशाळेतून निघाली, बारा खंड छापले गेले, आणि आपला पट्टा झाल्यावर त्यांनी उत्तरेकडचा ३६ ते ३९ अंशांचा राहिलेला भागही उचलला.

आणि या काळात माणसं किती बदलली बघा. चॅटवुड १९१४ मध्ये गेले. पोकॉक आले, ते १९१८ मध्ये वारले. मग टी. पी. भास्करन आले, वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक, ते १९४४ पर्यंत होते. १९१९ मध्ये वेधशाळा नव्याने निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाला जोडली गेली. इतक्या घडामोडींत काम थांबलं नाही, कारण पट्टा ठरलेला होता, पट्टिका मोजायच्या राहिलेल्या होत्या, आणि पॅरिसला शब्द दिलेला होता. संचालक कुणीही असो, सोमवारी सकाळी काय करायचं हे मोजणाऱ्यांना ठाऊक होतं. आणि गंमत म्हणजे ज्या १५ इंची दुर्बिणीसाठी हे सगळं सुरू झालं ती कामाला लागली १९२२ मध्ये, तेव्हा तिच्यावर व्हेरिएबल ताऱ्यांची निरीक्षणं सुरू झाली. मुख्य दुर्बिणीशिवाय वेधशाळा इतकी वर्षं चालली, आणि इकडे पुण्यात दुर्बीण ठणठणीत असून वेधशाळा बंद.

विद्यापीठात वेधशाळा असण्याचा दुसरा फायदा मोजमापात येत नाही. निजामियामध्ये बाप्पू नावाचे सहायक होते, त्यांचा मुलगा याच वातावरणात वाढला, निजाम कॉलेजात शिकला, मग हार्वर्डला गेला आणि तिथे १९४९ मध्ये एक धूमकेतू शोधला ज्याला बाप्पू-बोक-न्यूकर्क असं नाव आहे. तेच वेणू बाप्पू. पुढे १९६० मध्ये कोडाईकनालचे संचालक झाले, तमिळनाडूतली कावलूरची वेधशाळा उभी केली, आजची भारतीय खगोलभौतिकी संस्था त्यांचीच.

भास्करननंतर अकबर अली आले, त्यांनी ४८ इंची दुर्बिणीचा ध्यास घेतला, आणि त्यांच्यानंतर १९६० मध्ये आले के. डी. अभ्यंकर. अमेरिकेत बर्कलेला ऑटो स्ट्रूव्हे या खगोलशास्त्रज्ञाकडे पीएचडी केलेले. त्यांनी नुसती दुर्बीण आणली असं नाही, विद्यापीठात खगोलशास्त्राचा विभाग असा बांधला की १९६४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याला प्रगत अभ्यासाचं केंद्र म्हणून मान्यता दिली. एमएस्सीची मुलं, पीएचडीची मुलं, रात्रीची निरीक्षणं, सगळं एका साखळीत. शहराचे दिवे वाढायला लागले होते म्हणून नवी जागा हैदराबादपासून पन्नासेक किलोमीटरवर, जपाल आणि रंगापूर या दोन गावांच्या मधल्या टेकडीवर घेतली. पिट्सबर्गच्या फेकर कंपनीची ४८ इंची दुर्बीण १९६८ मध्ये तिथे चालू झाली. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास ग्रहण तर थेट त्या वेधशाळेवरूनच गेलं.

तिथलं मुख्य काम म्हणजे एकमेकांना झाकणारे जोडतारे. हे काम विद्यापीठाला फार शोभतं, का ते सांगतो. एक तारा दुसऱ्यासमोर आला की प्रकाश कमी होतो, फोटोमल्टिप्लायर, म्हणजे मंद प्रकाश मोजणारी नळी, लावून तो दर काही मिनिटांनी मोजायचा, शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्याशी ताडायचा, मध्येमध्ये मोकळ्या आकाशाचं माप घ्यायचं. चार्ट रेकॉर्डरचा कागद सरकत असतो, पेन रेघ काढत असतं, बाहेर थंडी आणि तुम्ही ढग येऊ नये म्हणून आकाशाकडे बघताय. एका ताऱ्याचा पूर्ण आलेख मिळायला एक-दोन मोसम लागतात आणि त्यातून ताऱ्यांची वस्तुमानं, त्रिज्या निघतात. म्हणजे पीएचडीच्या मुलाला बरोब्बर पुरेल एवढं काम, त्याला पूर्ण आपलं म्हणता येईल असं, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या मुलाने तोच तारा परत घेतला तर त्याचा आवर्तकाळ, म्हणजे जोडीची एक फेरी पुरी व्हायचा वेळ, बदलला का तेही कळतं. मोठमोठ्या दुर्बिणींवर मुलांना दोन-तीन रात्री मिळतात, असं सलग काम तिथे होत नाही.

हैदराबादची भरभराटही कायम राहिली नाही हे सांगितलं पाहिजे. शहर वाढत वाढत गेलं, रात्रीचं आकाश उजळलं, देशात इतर ठिकाणी मोठ्या आणि नव्या दुर्बिणी आल्या, आणि कुठल्याही विद्यापीठात जे होतं ते झालं, माणसं निवृत्त होतात आणि जागा भरल्या जात नाहीत. हे मी अनेक ठिकाणी जवळून पाहिलंय. आधी मेकॅनिक निवृत्त होतो. त्याच्या जागी कुणी येत नाही. घुमट फिरवायची मोटर अडकते, ती दुरुस्त करायला बाहेरचा माणूस बोलवायचा तर तीन सह्या लागतात, तोवर मोसम संपतो. नंतर आरशावर थर चढवायचा राहतो. शेवटी प्राध्यापक निवृत्त होतात, पण खरी वेधशाळा त्याच्या आधीच, मेकॅनिक गेला तेव्हाच थांबलेली असते.

पुण्याकडे परत आलो तर १९८८ मध्ये, म्हणजे नायगमवालांच्या दुर्बिणीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, विद्यापीठाच्या आवारात आयुका, म्हणजे सगळ्या विद्यापीठांसाठीचं खगोलशास्त्राचं केंद्र, सुरू झाली, आणि २००६ मध्ये तिची २ मीटरची दुर्बीण गिरवलीला, जुन्नरच्या बाजूच्या डोंगरात उभी राहिली. आयुकाची कल्पनाच ही की प्रत्येक विद्यापीठाने वेगळी मोठी दुर्बीण घ्यायची गरज नाही, सगळ्यांनी मिळून एक वापरायची. ही कल्पना चांगली आहे, मी तिच्या बाजूचाच आहे, पण तिने कॉलेजातल्या छोट्या दुर्बिणीचं काम संपत नाही.

तर तुमचा तिसरा प्रश्न. दुर्बीण घ्या, पण मिळालेले सगळे पैसे दुर्बिणीवर घालू नका. माझा सल्ला असा की १४ इंचाच्या आसपासची तयार दुर्बीण, एक साधा चांगला सीसीडी किंवा सीमॉस (डिजिटल) कॅमेरा, दोन-तीन फिल्टर, सरकतं छप्पर, एवढ्यावर थांबा. उरलेली रक्कम ठेव म्हणून ठेवा आणि तिच्या व्याजावर एक तंत्रज्ञ नेमा, ज्याचं कामच ती दुर्बीण चालू ठेवणं असेल, प्रॅक्टिकलच्या लॅबमधून उसना घेतलेला नको. कॉलेजकडून लेखी घ्या की खगोल शिकवणारी एक जागा कायम भरलेली राहील आणि ते प्राध्यापक निवृत्त व्हायच्या निदान दोन वर्षं आधी पुढचा माणूस रुजू होईल, म्हणजे दोघं एकत्र काम करतील. पुण्यात हे एवढं एक झालं असतं तर १९१२ चा निर्णय इतका सहज घेता आला नसता.

आणि दुर्बीण यायच्या आधी कामाची यादी ठरवा. पंधरा-वीस जोडतारे निवडा, नवव्या ते बाराव्या प्रतीचे, आवर्तकाळ एक दिवसाच्या आतला, ऑक्टोबर ते मे आपल्याकडून चांगले दिसणारे, आणि दरवर्षी प्रत्येकाच्या किमान प्रकाशाच्या वेळा काढायच्या. आकडे एएव्हीएसओला, म्हणजे व्हेरिएबल ताऱ्यांची निरीक्षणं जमवणाऱ्या अमेरिकन संस्थेला, पाठवत जा, ते जगभरातून घेतात, त्यामुळे एखाद्या वर्षी पाठवले नाहीत तर ती गॅप सगळ्यांना दिसते आणि हे मी मुद्दाम फायद्यात धरतोय. शहराच्या उजेडातही हे काम होतं, कारण तुलना शेजारच्याच ताऱ्याशी असते, मी शहरातून घेतलेली मापं चांगली निघालेली आहेत. ताऱ्यांची यादी करताना अडलं तर तुमच्या गावाचा अक्षांश आणि क्षितिज कुठल्या बाजूला झाकलंय तेवढं कळवा, मी करून देतो.